बूच

आर्विडच्या डिझेल ट्रकनं मार्चमध्ये प्राण सोडला.
बोट मात्र शेडमध्ये, ताडपत्रीखाली, ठणठणीत.
म्हणून मेच्या या शनिवारी
माझी विजेवरची पिकअप त्याच्या ट्रेलरला जुंपली.
त्यानं कडी दोनदा ओढून पाहिली,
मग माझ्याकडे न बघता तिसऱ्यांदा.

बावीस मैल बोट ओढताना
चार्ज असा उतरला,
जसा पाहुण्यांपुढे ठेवलेला चिवडा.
आर्विड आकडा बघत होता. बोलला नाही.
न बोलणं त्याला चांगलं जमतं.

वॉशबर्नचा धक्का. उतारावर हिरवट बुळबुळ.
सुपिरिअरवरचा बर्फ जाऊन तीनच आठवडे झालेले,
पाण्याचा चेहरा अजून आखडलेला.
मी आरशात, आर्विड कडेला,
रबरी विजार छातीपर्यंत, एक हात वर.

ट्रेलर मागे घ्यायचा तर सगळं उलटं:
डावीकडे न्यायचा असेल तर चाक उजवीकडे.
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
अकरा वर्षं एकत्र कुटुंबात काढली आहेत.

'थांब! गाडी चालू आहे का?'
आहे.
'मग बोलत का नाही?'

चाळीस वर्षं इंजिनाच्या खोकल्यावरून
त्याला कळायचं, चाक कधी घसरणार,
बायकोचा पाय ब्रेकवर आहे की विचारात.
आता नुसते टायर, ओल्या सिमेंटवर
जीभ टाळ्याला लागावी तसे.

मागची चाकं पाण्यात. लाल दिवे पाण्याखाली गेले
आणि तिथेच जळत राहिले.
'वीज आणि पाणी,' तो पुटपुटला,
लहानपणी कुणीतरी दटावलं असावं तसा.
पट्टा सैल केला. बोट सुटली,
वर्षभर वाट पाहिल्याचं अजिबात न दाखवता.

मग कुणीच काही बोलेना.
एक सीगल. लांब कुठे डोलकाठीवर दोरी आपटतेय.
आणि त्यात एक बारीक
गुळगुळ.
आर्विडनं मान तिरकी केली.
शर्टाचा खिसा चाचपला. चष्म्याचं घर, गोळ्यांची डबी,
आणि पितळेचं बूच.

पुढचं सगळं घाईत झालं, म्हणजे वाईट झालं.
तो मांडीभर पाण्यात, हूक दोनदा चुकला,
हँडल फिरवताना नॉर्वेजियनमध्ये काहीतरी,
ज्याचा अर्थ विचारायची वेळ नव्हती.
मी पेडल दाबलं.
बोट, ट्रेलर, आत शिरलेलं थंडगार सरोवर,
सगळं हूं की चूं न करता वर आलं.

बुडातून धार लागली, करंगळीएवढी.
वीस मिनिटं तरी जाणार.
मागे दोन ट्रक खोळंबले, हॉर्न कुणी दिला नाही;
इथली माणसं मनातल्या मनात वाजवतात.
आम्ही फळीवर बसून थर्मासमधली कॉफी प्यायलो.

'जुना ट्रक असता,' तो म्हणाला,
'तर ऐकूच आलं नसतं.'

बऱ्याच वेळानं, धार थेंबांवर आल्यावर:
'हिचं दार तरी वाजतं का?'
मी उठले, दाणकन लावून दाखवलं.
त्यानं मान डोलावली
आणि बूच घेऊन बोटीखाली वाकला.