पाण्यात सोडून पाहिलं

फ्रेझरबर्गहून ॲबर्डीनला पहिली बस सहा दहाची.
अकरा दिवस मी तीच पकडली.
कारखान्यात सांगितलं, दाढ काढायची आहे.
फोरमन म्हणाला, किती दाढा आहेत तुला, एफी?

रोजचे आम्ही चौघे.
एक पेन्शनर, प्रत्येक खटला बघणारा, खिशात सँडविच.
कॉलेजच्या दोन मुली, वह्या घेऊन.
आणि मी.
तुमची ती कोण, असं कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर काय सांगणार होते?
मासे कापायच्या पट्ट्यावर
माझ्या डाव्या हाताला उभी असायची. एवढंच.

लोर्ना टेट, वय एकोणीस.
पिंजऱ्यात बसली की कपाळच दिसायचं,
आणि आईचा निळा कोट, खांद्यांवर मोठा.

वस्तू एकेक करून दाखवल्या.
टॉवेल, क्रमांक चार.
स्वयंपाकघरातली कात्री, क्रमांक सहा.
ब्लाउज, क्रमांक नऊ, पुढे दोन डाग.
पोलीसबाई वहीतून वाचत होती:
चौकशी चालू असताना बाहेर कुणाचं तरी मूल रडलं
आणि आरोपीचा ब्लाउज भिजला.
इथे ती अडखळली, पाणी मागितलं.
दुधाला त्यांनी द्रव म्हटलं.
बाळाला सगळे 'ते' म्हणत.
आठव्या दिवशी, एकदाच, लोर्ना 'ती' म्हणाली.

एडिंबराचे डॉक्टर म्हणाले,
फुप्फुसं पाण्यात सोडून पाहिली. तरंगली.
म्हणजे श्वास घेतला होता?
घेतला असावा.
असावा, की होता?
मग बचावाचे डॉक्टर आले. तीच फुप्फुसं, तेच पाणी.
कुणी तोंडात फुंकर घातली असेल
तरीही तरंगतात, म्हणाले.
मी फुंकलं, असं लोर्नाने पहिल्याच रात्री सांगितलं होतं,
टीव्हीवर दाखवतात तसं.
किती वेळ, विचारलं त्यांनी.
उजाडेपर्यंत.

वीस वर्षं मी माशांची पोटं उघडते.
आत हवेची पिशवी असते, पांढरी, पेराएवढी,
अंगठ्याने दाबली की फट्.
मधल्या शनिवारी पाळीला गेले
तर फोडवेना.
मागे मासे साचले, पट्टा थांबवावा लागला.

कुणालाच कळलं नाही?
सरकारी वकिलाने हे चौघांना विचारलं:
आईला, फोरमनला, शेजारणीला,
चर्चमध्ये बाजा वाजवणाऱ्या बाईंना.
नाही. नाही. नाही. नाही.
मला बोलावलं नव्हतं.

जानेवारीत मी तिला म्हटलं होतं,
एप्रन मागे बांधला जात नाहीये तुझा,
आण इकडे, नाडी वाढवून देते.
आणि दिली वाढवून,
वीतभर, माझ्याच जुन्या एप्रनची.
शिवताना मान वर केली नाही.
मला तीन मुलं आहेत.

एप्रन वस्तूंमध्ये नव्हता.
रोज वाटायचं, आज काढतील.

पंधरा जण आत गेले. त्यांना दोनदा चहा गेला.
आमच्याकडे निकाल तीन असतात:
दोषी, निर्दोष,
आणि सिद्ध झालं नाही.
तिसरा म्हणजे काय, मला आजही धड सांगता येत नाही.
तिसरा आला.
लोर्नाने आईकडे पाहिलं, म्हणजे काय, म्हणून.
आईने वकिलाकडे.
वकील कागद गोळा करत होता.

सहाच्या बसमध्ये त्या दोघी पुढे बसल्या.
मी मागे, दाराजवळ.
उतरताना लोर्नाला मी दिसले.
"दाढ कशी आहे?" म्हणाली.
म्हणजे माझी बातमी तिच्यापर्यंत जात होती,
पिंजऱ्यातसुद्धा.
बरी आहे, म्हटलं मी.

सोमवारी तिचा एप्रन खुंटीवरच होता,
नाडी दोन रंगांची.
नव्या मुलीने विचारलं, हा कुणाचा?
घाल, म्हटलं.
बारीक आहे ती. नाडीचे दोन वेढे घेते
आणि गाठ पुढे मारते.