मंगळवारी दुपारी तीन वाजता

एका अकॉर्डियनमध्ये चारशेवर रीड्स.
टोकाशी घासली की सूर चढतो,
बुडाशी घासली की उतरतो.
एवढंच शास्त्र. बाकी कान.
बाबांनी मला कान दिला, कानस दिली,
आणि दारावर पाटी लावली:
वाल्तेर आणि कन्या, कास्तेलफिदार्दो.

तेहतीस वर्षं मी एकेक रीड घासली.
शिवाय बिलं, शिवाय भात्याचं कातडं निवडणं,
शिवाय जर्मनीच्या गिऱ्हाइकाला पत्र,
शिवाय संडासाचा गळका नळ.
दुसऱ्याला शिकवत बसण्यापेक्षा
माझं मी उरकते, म्हणायचे.
खरंच होतं ते. पहिल्या दिवसापुरतं.
तेहतीस वर्षांचा हिशेब मी
त्या पहिल्या दिवसावरून मांडला.

मग मनगट सुजलं.
मग इलिर आला, श्कोदरचा, बावीस वर्षांचा,
आणि त्याने मागवलं ते यंत्र:
स्वतः हवा भरतं, रीड वाजवतं, काट्याने दाखवतं
इथे केसभर, अजून केसभर, बास.
माझे दोन दिवस म्हणजे त्याची एक सकाळ.
बिलं भाचीच्या संगणकावर गेली.
नळाला नळवाला आला.
इतकं सोपं होतं?

वाचलेल्या वेळाचं काय केलं, सांगते.
तो त्याच्या पाठीमागे उभं राहण्यात घालवला.
शनिवारी रात्री शटर अर्धं ओढून
त्याने लावलेली पेटी पहिल्यापासून कानाने तपासली.
चूक सापडावी म्हणून.
देवाशप्पथ, सापडावी म्हणून.
पहाटे दोनला सापडली एक,
खर्जातली, किंचित उतरलेली.
खर्जाची रांग मी अजून त्याला दिलीच नव्हती.

सोमवारी ती रांग त्याच्यापुढे ठेवली.
काही बोलले नाही. त्यानेही विचारलं नाही,
फक्त दिवा जवळ ओढला.

मंगळवारी किल्ली टेबलावर ठेवून म्हटलं, येते,
आणि नुमानाची बस धरली.
दुपारी तीन वाजता समुद्रावर कोण असतं?
एक म्हातारा कुत्र्याशी भांडत होता.
दोन शाळकरी पोरं दप्तरांवर बसलेली.
मी बूट काढले. पुन्हा घातले. पुन्हा काढले.
वेळ वाचवायची सवय होती मला,
वाचलेला मांडीवर घेऊन बसायची नव्हती.

फोन वाजला. गोंद संपलाय, सिन्योरा.
‘थांब, मी येते’ जिभेच्या टोकाशी आलं.
बुडाशी ढकललं. उतरलं.
म्हटलं, स्टेशनच्या रस्त्याला, लाल दाराचं दुकान.
उधारी माझ्या नावावर नको,
पाटीच्या नावावर मांड.

तेवढ्यात लाटेने
एक बूट भिजवला. दुसरा कोरडाच.