चौदावी पायरी

मंगळ, गुरू, शनी.
पत्रिकेत ठाण मांडून बसावेत तसे हे तीन वार.
ग्रिम्स्बीच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर
सहा नंबरची खुर्ची माझी, सात नंबरची थर्लबीची.
धुकं नसलं तर खिडकीतून गोदीचा मनोरा दिसतो.
चार तास रक्त बाहेर फिरून येतं.
तेवढ्यात एखादा खून सहज उरकतो.

थर्लबी पूर्वी मासेमारीच्या बोटीवर होता,
डाव्या हाताची दोन बोटं तिकडेच कुठे बर्फात राहिली.
उरलेल्या तिनांत पुस्तक धरतो
आणि मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून वाचतो:

"तळघराला तेरा पायऱ्या होत्या, लहानपणापासून मोजलेल्या.
अंधारात ती चौदावी उतरली."

"बास," म्हणतो, पुस्तक छातीवर पालथं घालतो.
"इथंच थांबायला हवं होतं त्या बाईनं.
पुढं अजून तीनशे पानं. कशाला?"
मी म्हणते, अहो, पायरी कुणी बांधली ते नको कळायला?
"नको. कळलं की ती नुसती गवंडीकामाची गोष्ट."

माझा उतारा त्याला आळणी वाटतो.
बायको गेलेला एक म्हातारा, एकटाच राहणारा.
चौकशीला फौजदार येतो, बसतो,
आणि म्हातारा बोलता बोलता तीन कप मांडतो.
एवढंच. सुरी नाही, किंकाळी नाही.
"ह्यात काय आहे?"
मी म्हटलं, कप मोजा.
पुढच्या गुरुवारी म्हणाला, रात्री पाणी प्यायला उठलो
आणि कपाटाकडे बघवेना.

एका बाबतीत मात्र आमचं जुळतं.
पिस्तूल रोखून चार पानं बोलत राहणारा खुनी:
"आधी त्याला गोळी घाला," थर्लबी ओरडतो, "मग लेखकाला!"
जिसमोल सिस्टर नळी तपासत म्हणते,
हळू, प्रेशर चढतंय.

मिरजेला आमच्या गल्लीत वाचनालय होतं, दहा पैसे रोज.
रहस्यकथांची शेवटची पानं हमखास फाटलेली.
कोण फाडतं, हे गल्लीतलं सगळ्यात मोठं रहस्य.
धुणं वाळत घालता घालता
मी आणि सुलभा शेवट रचायचो, निकाल द्यायचो.
बेचाळीस वर्षं झाली,
काही माणसं अजून माझ्याच निकालावर फासावर आहेत.
निर्दोषही असतील बिचारी.

हे थर्लबीला सांगितलं, ती चूक झाली.
तेव्हापासून पुस्तक देताना तो
पहिल्याच पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून देतो.
"पाद्री." "बायको." "बायको, पण पहिली."
कधी खरं, कधी धादांत खोटं.
मला दोघांवर संशय घेत वाचावं लागतं:
एक पुस्तकातला,
एक शेजारच्या खुर्चीतला.

आज शनिवार. सात नंबर रिकामी.
मशीनवर चादर, घडी न मोडलेली.
इथं कुणी विचारत नाही, हा न लिहिलेला नियम आहे.
रिकाम्या खुर्चीचे अर्थ दोनच:
मध्यरात्री त्याला फोन आला असेल,
कुणाचं तरी मूत्रपिंड जुळलं, बॅग घे, ये;
नाहीतर इथून त्याच्या मुलीला फोन गेला असेल.
जिसमोलच्या चेहऱ्यात मी धागा शोधते.
ती नेहमीपेक्षा जरा जास्तच नीट सुई लावते.
ह्याला पुरावा म्हणत नाहीत.

निघताना माझ्या पिशवीत एक पुस्तक सरकवते.
"सात नंबरकडून."

बसस्टॉपवर उघडलं. पहिल्या पानावर
तेच तीन बोटांचं तिरकं अक्षर:
"ह्या वेळी मी शेवट वाचलेला नाही. तू सांग."
खाली तारीख नाही.

शेवटची पानं चाचपून बघितली. आहेत, सगळी आहेत.
बोट तिथंच जरा रेंगाळलं, मग काढून घेतलं.
पहिल्या ओळीपासून सुरू करते, सावकाश.
मंगळवारपर्यंत पुरवायचं आहे.