माप न घेता

पापाच्या तिकटीला माझं दुकान, सहा फूट बाय चार.
चेहरे मी उशिरा बघतो.
आधी पाय येतात.

म्हणून पडद्यावर ती आली तेव्हा
अख्खं थिएटर तिच्या डोळ्यांना शिट्ट्या मारत होतं
आणि मी खाली बघत होतो.
कोरी कानवाली, अंगठा अजून ताठ,
आणि डावा पाय ती जरासा, दोऱ्याएवढाच,
उशिरा टाकत होती.

चप्पल चावत होती.
हे तिला कुणी सांगितलं असेल?
इंदुमती वेर्लेकर, गोव्याकडची म्हणतात,
मोटारीतून उतरणारी, मोटारीत चढणारी.
बाभळीच्या सालीत मुरलेलं कातडं
पहिले आठ दिवस माणसाचं काय करतं
ते तिला कुठून ठाऊक?

मध्यंतरापर्यंत तिनं ती चालून चालून मऊ केली.
विहिरीच्या सीनला पाय सरळ पडला
आणि मी शेजारच्या भजीवाल्या दौलूला कोपरानं ढोसलं,
"बसली बघ."
"कोण बसली? उभीच हाय की ती."

'तिसरी घागर' मी चार वेळा वाचलीय.
वाचनालयाची प्रत, चहाच्या डागाची.
तिला कातड्याची पाठ मीच लावून दिली एकदा,
अरीनं, दुहेरी टाक्यानं.
पण मधलं एक पान माझ्याआधीच कुणीतरी फाडून नेलेलं.
एकशे शहाऐंशीवर सगुणा दिराच्या ओसरीवर बसलेली,
एकशे एकोणनव्वदला थेट एसटीत.
मधे काय झालं?
वीस वर्षं ते पान मी मनातच लिहीत आलो.
कधी तिला रडवली,
कधी शिव्या घालायला लावल्या,
एकदा तर दिराच्या टाळक्यात घागर घातली.

पडद्यावर तिनं यातलं काहीच केलं नाही.
उठली.
उंबऱ्याबाहेर सगळ्या घराच्या चपला विस्कटलेल्या.
ती वाकली, एकेक जोड जुळवला,
सासऱ्याचा, दिराचा, पोरांचे चिमुकले,
टाचा भिंतीला, तोंडं बाहेर.
मग स्वतःची पायात घातली.
कुणी खोकलं नाही.
मागं एक पोरगं केव्हाचं किरकिरत होतं,
ते थांबलं, नाहीतर मला ऐकू येईना.

पाच वेळा बघितला.
आक्काताई म्हणाली,
"त्या बाईनं काय उधारी ठेवलीया व्हय तुमची?"

मग वाचनालयाच्या मिरजकर बाईंनी नवी प्रत मागवली,
पहिली मलाच दिली.
दुकानातच उघडली, हात न धुता.
पाठपोट नुसता वाटणीचा हिशेब.
हंडे किती, म्हशी किती, परसातला फणस कुणाचा,
आणि अगदी तळाशी, पानाच्या आकड्याला खेटून,
दोन शब्द:
सगुणा निघाली.

चपलांचं नाव नाही.
आधी लेखकाचा राग आला.
मग तिचा, फसवलं म्हणून.
मग रापी हातात धरून बराच वेळ बसलो,
गिऱ्हाईक आलं नि गेलं.
दोन शब्दांतनं चार मिनिटं काढायची
आणि कातडं कुठं ओढलेलं दिसू द्यायचं नाही!
आमच्या आळीत असा हात
माझ्या चुलत्याचा होता. नंतर कुणाचा नाही.

आता खिळ्याला एक जोड टांगलाय.
माप न घेता कापलेला, पडद्यावरनं, अंदाजानं.
सहा नंबर, डावा किंचित सैल.
"केवढ्याला?" लोक विचारतात.
विकायचा नाही म्हणतो.
"मग टांगलाय कशाला?"

दर पंधरा दिवसांनी तेल देतो त्याला.
कातडं आहे.
नुसतं पडून राहिलं की ताठतं.