लिस्सा

सोहारच्या इस्पितळात पहिला महिनाभर
डॉ. बाबिकरांनी मला एक टाका घालू दिला नाही.
कॅन्टीनमध्ये कपाच्या कानाला
रेशमी दोरा बांधायला लावला,
उजव्या हाताने, मग डाव्या,
मग टेबलाखाली, न बघता.
"पोटात खोल गेल्यावर कोण कंदील धरणार?"

मी मिरजेची. गाठी मला ठाऊक होत्या.
परकराच्या नाडीची सूरगाठ, ओढली की सुटते.
निरगाठ दातांनाही दाद देत नाही.
सांगितलं, तर हा उंच सुदानी माणूस
दोन दिवस वॉर्डात
"सूर, निर, सूर, निर" पुटपुटत फिरला.

मी विचारायचे, पित्ताशय मी करू?
लिस्सा, म्हणायचे. अजून नाही.
सीनियर रजिस्ट्रारच्या जागेचा अर्ज?
लिस्सा.
करार दर दोन वर्षांनी संपायचा,
मिरजेहून आईचा फोन, तुझ्या मागचे पुढे गेले गं,
आणि मी निवासाच्या गच्चीवरून
बंदरावरची जहाजं मोजत
त्या एका शब्दाचा तळतळाट करायचे.
शोधनिबंधावर मात्र माझं नाव त्यांनी पहिलं घातलं.
म्हणाले, म्हाताऱ्यांनी मागे बसावं, दाराजवळ.

गेल्या महिन्यात ते गेले. खार्तूमला नाही,
तिथलं घर उरलं नाही. लेकीकडे, कार्डिफला.
जाताना एक वही ठेवून गेले,
चौतीस वर्षांच्या चुका, तारीखवार,
प्रत्येकीखाली स्वतःची सही.

पान एकशे बारा.
सहमचा मासेमार, रात्री दोन, कापली गेलेली पित्तनलिका.
शल्यविशारद: बाबिकर. कारण: घाई.

हात माझा होता.

त्या बुधवारी, चुकांच्या सभेच्या दिवशी,
मला बुरैमीच्या ओपीडीला धाडलं होतं.
परत आल्यावर सभेत काय झालं, मी विचारलं नाही.
मासेमार वाचला. दोनदा सुरमई घेऊन आला,
दोन्ही वेळा मी मागल्या जिन्याने उतरले.

पानाच्या कडेला पेन्सिलीने अरबी ओळ.
मला अरबी येते ती दुखतं कुठे, उपाशी आहात का, एवढीच.
बुसैनाला वाचायला दिली.
ती अल-खाबूरा गावची, माझ्या हाताखाली दुसरं वर्ष.
तिने वाचलं, "हिला सांगायचं आहे," आणि थांबली.
"पुढे एकच शब्द आहे, डॉक्टर. आम्ही असा नाही म्हणत.
लिस्सा."

मी वही मिटली.
हे औदार्य होतं की खोटं, ठरवता येईना.
सूरगाठ म्हणून बांधलेली
एवढ्या वर्षांत निरगाठ झाली होती.

बुसैनाचे डोळे सुजलेले होते.
सोमवारी रात्री तिच्या हातून प्लीहा फाटली,
माणूस अजून आयसीयूत आहे.
उद्या बुधवार.
"मला उद्या बुरैमीला..." ती म्हणाली, वर न बघता.

नाही, म्हटलं. साडेसातला ये.
दाराजवळच्या दोन खुर्च्या धरून ठेव.