मोकळी जमीन

बाउमर्सडॉर्फच्या जरा वर, ओढ्याला लागून
एकेचाळीस-सतरा हा षटकोन.
खेळ म्हणतो: मोकळी जमीन. चालायला तीन गुण,
आडोसा शून्य.

तिथं माझं स्वयंपाकघर आहे.
म्हणजे आता आहे. अठराशे नऊच्या जुलैत
नुसता गहू असणार, कंबरेएवढा,
आणि त्यात उभी माझी तिसरी पलटण:
सातशे बारा माणसं, दमणूक चौतीस, मनोबल मध्यम.

समोरून ब्लाहोस्लाव खेळतो,
सीमेपलीकडच्या ब्रेत्स्लावात, रेल्वेयार्डात रात्रपाळीला.
दोन मालगाड्यांच्या मध्ये एक चाल पाठवतो,
मी गाजरांना पाणी लावून आले की ती उघडते.
शहाण्णवातली ही एकसष्टावी.
सम्राटाची बाजू त्याला नाणं उडवून मिळाली
आणि तेव्हापासून त्याच्या पत्रांचा आवाज वाढलाय.

निळे चौकोन सरकत येतात,
लॅपटॉपचा पंखा धापा टाकतो,
सूपवर साय धरते.
एकशे चार तोफा एका ओळीत उभ्या केल्यात त्यानं;
त्या उडतात तेव्हा
माळ्यावरून रिकामं खोकं पडल्यासारखा आवाज होतो
आणि एक आकडा वर तरंगून विरतो.

ओढा म्हणजे नकाशावर निळी रेघ.
घोडदळाला ओलांडायची बंदी.
पंचेचाळीसच्या एप्रिलात, रणगाडे यायच्या आदल्या रात्री,
माझ्या सासऱ्यांनी तो दोन गायींसकट ओलांडला होता.
हे खेळ बनवणाऱ्याला कळवावं असं एकदा वाटलं.
मग म्हटलं, गायींसाठी वेगळा नियम करत बसेल बिचारा.

पाऊस आहे खेळात, चिखल आहे,
धुकं आहे, दारूगोळा संपणं आहे.
आग नाही.
खरी लढाई झाली तेव्हा गहू पेटला होता
आणि ज्यांना उठता येत नव्हतं ते त्यातच राहिले.
शाळेत हे एका वाक्यात होऊन गेलं,
मधल्या सुट्टीच्या घंटेच्या जरा आधी.

मागच्या वर्षी कापणीयंत्रातून ठिणगी उडाली.
शेजारच्या हार्टविगनं नांगर घालून कडेकडेनं माती उलटली,
बंब यायला अकरा मिनिटं लागली.
पडद्यांना वास ऑक्टोबरपर्यंत होता.
त्या धुरात एक ससा ओरडला.
सशाला आवाज असतो
हे मला एकसष्ट वर्षांत माहीत नव्हतं.

असो. चाल माझी आहे.

तिसरी पलटण जागेवर धरली
तर मागे फळी जुळायला दोन चाली मिळतात.
सोडली, तर वाग्रामपर्यंत दार सताड उघडं.
हिशोब सरळ आहे, आणि हिशोब मला येतो:
साखर कारखान्यात बत्तीस वर्षं तेच केलं,
इतके ट्रक बीट, इतकी पोती साखर,
उरलेला चोथा गुरांना.

त्यांच्यावर टिचकी मारली.
सेनापतीला चेहरा आहे, कल्ले आहेत, पदकं आहेत.
सातशे बारांना मिळून एक झेंडा.
मी ‘थांबा’ दाबलं.
सूप तसंच ओतून दिलं.

सकाळी फाइल आली.
सातशे बाराचे तीनशे अठ्ठ्याऐंशी,
लाल अक्षरात ‘विस्कळीत’,
आणि बाण ईशान्येला, बेचाळीस-सोळामध्ये.
म्हणजे आमचं खुराडं.

फळी जुळली होती. तसं पाहिलं तर डाव माझ्याकडे झुकलाय.

अंडी काढायला गेले तेव्हा
कडी काढण्याआधी दार वाजवलं.
आत कोंबड्या गप्प झाल्या, नेहमीसारख्याच,
आणि मी क्षणभर टोपली घेऊन तशीच उभी राहिले.

ब्लाहोस्लावला यातलं काही लिहिलं नाही.
त्याला लिहिलं:
तुझी डावी बगल उघडी आहे, मित्रा,
आणि रात्री काहीतरी गरम खात जा.