बद्द

अल्फॉन्स बूटलियरच्या अंगणात ती उभी होती,
निळी, चौदा वर्षांची.
मागच्या चाकाच्या कमानीवर नवा रंग,
बाकीच्या निळ्याहून जरा जास्तच निळा.
"वरवरचा गंज," अल्फॉन्स म्हणाला,
"कातडीचा रोग आहे, हाडांचा नाही,"
आणि त्याने हात खिशात घातले.

आमच्या ग्लेस बेला दोन्हीकडून मीठ.
एक समुद्राचं, ते फुकट येतं.
दुसरं नगरपालिकेचं, बर्फ पडला की रस्त्यावर ओततात.
इथली माणसं इथलं मीठ खातात,
गाड्यांना इथलं मीठ खातं.

मी चुंबक आणलं होतं, जुन्या मोज्यात घालून.
(ओरखडा नको. गाडी अजून माझी नव्हती.)
दारावर चिकटलं. बॉनेटवर चिकटलं.
कमानीवर टेकवलं ते थेट खाली, चिखलात.
पत्रा नव्हताच तिथे, नुसतं लुकण.
अल्फॉन्सला तेवढ्यात आभाळात काहीतरी दिसलं.

बाबांनी चुंबकाकडे पाहिलंही नाही.
सव्वीस वर्षं त्यांनी समुद्राच्या तळाखाली कोळसा काढला.
डोक्यावर खडक, खडकावर पाणी,
पाण्यावर लॉबस्टरवाल्यांच्या होड्या.
पाळी सुरू करण्याआधी पहारीने छत वाजवून बघायचं.
खणखणीत वाजलं तर काम.
बद्द वाजलं
तर कोणी काही बोलायचं नाही,
डबा उचलायचा, मागे फिरायचं.

खाण मिटली, सवय नाही.
बाबा अजून सगळंच वाजवून बघतात:
पाव, कलिंगड, चर्चमधला बाक,
एकदा मी घरी आणलेल्या मुलाचा खांदा.
(निकाल बरोबर निघाला.)

आता ते ओल्या गवतावर पाठ टेकून गाडीखाली सरकले,
नुसते बूट बाहेर.
टक. खण्ण.
टक. खण्ण.
दाराखालच्या पट्टीपाशी: बद्द.
जरा पुढे: बद्द.
मग बराच वेळ काहीच नाही.

मी हिशेब करत होते.
तो मागतोय एकोणीसशे डॉलर. माझ्याकडे तेराशे.
सिडनीतल्या वृद्धाश्रमात पहाटे पाचची पाळी
(सिडनी आमची, ऑस्ट्रेलियाची नव्हे).
पाचला बस नसते. मे महिन्यात नर्सिंग संपेल.
काहीतरी करायचं म्हणून मी पायाखालची चटई उचलली.
खाली नाताळच्या बिस्किटांच्या डब्याचं झाकण,
चार रिव्हेट, कडेने डांबर,
आणि गाडी ओढणारी सहा हरणं.

"बायकोचा डबा होता," अल्फॉन्स म्हणाला.
मग पडेल आवाजात,
"विचारलं असतंस तर सांगितलं असतं गं."

बाबा बाहेर आले. भुवयांवर तांबूस भुगा.
त्यांनी थर्मास उचलला.
मी म्हटलं, झालं.

"खांब उभे आहेत," ते म्हणाले. "भिंती गेल्या.
असल्या छताखाली मी थांबलो नसतो."

"थांबला होतात," मी म्हटलं.
"मी तीन वर्षांची होते. आईने सांगितलंय."

ते काही बोलले नाहीत.
थर्मासचं झाकण उघडलं, चहा न ओतता परत लावलं.
"कधीपर्यंत हवीये?"
"मेपर्यंत."
"मग जोरात ब्रेक मारू नकोस.
आणि मे म्हणजे मे."

बाराशेला तुटलं.
अल्फॉन्सने नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या,
त्यातली वीसची काढून माझ्या हातावर ठेवली:
"टाकीत काही नाहीये."

घरी येताना बाबा बाजूला बसले,
गुडघे फाकवून, एक पाय दाराला, एक गिअरला टेकून.
खाडीवरचा पूल येईपर्यंत
त्या हरणांवर त्यांनी भार दिला नाही.
पुलाच्या मध्यावर मात्र,
मला दिसू नये अशा बेताने,
टाचेने हळूच एकदा
वाजवून पाहिलं.